महाशिवरात्रीच्या यात्रेला साधी साडी: कपाटापासून नदीच्या रेतीपर्यंत

लग्नातली साडी खुर्चीवर बसून निभावून जाते. यात्रेतल्या साडीचं तसं नाही. तिला एसटीची उंच पायरी चढावी लागते, रेतीतून चालावं लागतं, दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभं राहावं लागतं आणि दुपारी झाडाखाली सतरंजीवर मांडी घालून फराळही करावा लागतो. एवढं होऊन संध्याकाळी घराच्या फाटकाशी उतरताना ती अंगावर जागच्या जागी असायला हवी.

एरवी ड्रेसमध्ये वावरणाऱ्या मुली, नव्यानं सासरी आलेल्या सुना, नोकरीपायी विदर्भातल्या एखाद्या गावात बदली होऊन आलेल्या आणि "चाल ना वं मार्कंड्याले" म्हणून शेजारणींनी गळ घातलेल्या बाया, अशांसाठी हे लिहिलं आहे. डोळ्यापुढे यात्रा ठेवली आहे ती मार्कंड्याची. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. नदी इथं उत्तरेकडे वाहते, म्हणून इथल्या स्नानाला मान. पण तुम्ही चपराळ्याला जा, आंभोऱ्याला जा, सालबर्डीच्या डोंगरात जा की थेट पचमढीच्या महादेवाला जा, नेसण्याची पद्धत तीच. चढ असेल तिथं काय बदलायचं ते ओघात येईल.

आधी दिवस पाहा, मग कपाट उघडा

महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे बहुतेक वेळा फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत येते. आपल्याकडे हे दिवस फसवे असतात. पहाटे नदीवर दात वाजतात आणि अकरा वाजले की डोक्यावर पदर घेतल्याशिवाय निघवत नाही. वाटेवर पळस फुललेला असतो, म्हणजे ऊन कुठं चाललंय ते समजून घ्यायचं. त्यामुळे पहाटेच्या थंडीसाठी जाड साडी नेसू नका. साडी उन्हाच्या हिशेबानं निवडा आणि थंडीसाठी शाल घ्या. स्वेटर घालायचाच असेल तर समोरून उघडणारा. डोक्यातून घालायचा स्वेटर काढताना खांद्यावरची पिन, केस आणि टिकली, तिन्ही एकदम जातात.

मग घरातल्यांना विचारून घ्या. नदीत आंघोळ करायची आहे की नुसते पाय धुवायचे? गाडी कुठपर्यंत जाते आणि पुढे किती चालायचं? कडेवर लेकरू असणार आहे का? या तीन उत्तरांवर निम्मी साडी ठरते. आंघोळ करायची असेल तर दोन साड्या लागतात. चाल जास्त असेल तर साडीची उंची कमी करावी लागते. लेकरू असेल तर पदर मोकळा सोडताच येत नाही.

कोणती साडी

सुती, काठाची, अंगात फार नक्षी नसलेली, दोनचार वेळा धुतलेली. माझं मत विचाराल तर यात्रेसाठी यापलीकडे जाऊच नये. दोनचार वेळा धुतलेली हे मुद्दाम म्हटलं. कोरी सुती साडी खळीमुळे ताठ असते, कमरेला फुगते, निऱ्या पसरतात आणि नवखीला वाटतं आपल्यालाच नेसता येत नाही. कोरीच नेसायची असेल तर आधी मिठाच्या पाण्यात भिजवून एकदा धुऊन काढा. रंग जाणार असेल तर तिथंच कळेल, परकराला लागायची वाट पाहायला नको.

सुती अजिबात सावरत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी सूत आणि पॉलिस्टरच्या मिश्रणाची घ्यावी. ती चुरगळत नाही, पण दुपारी घाम मात्र धरते. जॉर्जेट आणि शिफॉन दिसायला हलक्या, नेसायला सोप्या, आणि रांगेत सगळ्यात दगाबाज. या साड्या घसरतात. एका निरीची पिन सुटली की बाकीच्या निऱ्या मागोमाग खाली येतात.

आता कोसा, म्हणजे टसर रेशीम. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगाव भागातली करवती साडी कोणाच्याही कपाटात असेल तर ती मिरवावीशी वाटणारच. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, मागावर तीन धोटे (आडवा धागा नेणाऱ्या नळ्या) चालवून विणलेली, भौगोलिक मानांकन मिळालेली, आपल्या मातीतली साडी. पण ती यात्रेला नको. कोशावर पाण्याचे डाग उठतात आणि महाशिवरात्रीला तर देवळात जिकडं तिकडं पाणी आणि दूध. करवती महालक्ष्म्यांना नेसा, घरात, सावलीत, जिथं चार बाया जवळ येऊन काठ हातात घेऊन पाहतील.

रंगाचं थोडक्यात. कुंकू, गुलाल, रेती, बेलाचा रस असं सगळं लागणार आहे, तेव्हा मरून, बाटली हिरवा, शाईसारखा निळा हे रंग सोयीचे. फिका पिवळा किंवा मोतिया फोटोत छान येतो, दुपारनंतर नाही. शंकराला पांढरं म्हणून काहीजणी पांढरी नेसतात, पण सवाष्णीनं कोरी पांढरी नेसू नये असं मानणारी घरं अजून आहेत. रंगीत काठ असला की सहसा कोणी बोलत नाही, तरी सासूबाईंना विचारून घेतलेलं बरं.

साडीखालचं जास्त महत्त्वाचं

साडी विस्कटते तेव्हा दोष बहुतेक वेळा परकराचा असतो. सुती, नाडीचा, सहा कळ्यांचा परकर घ्या. इलॅस्टिकचा नको, कारण साडीचं वजन ओढलं की इलॅस्टिक खाली सरकतं. हल्ली साडीखाली अंगाला चिकटून बसणारा मासोळीसारखा परकर मिळतो. त्यात बाई सडपातळ दिसते हे खरं, पण त्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून दाखवा. परकराची लांबी घोट्याच्या हाडाच्या दोन बोटं वर. त्याहून लांब असला तर साडीखालून डोकावतो आणि रेतीत भिजून जड होतो.

शिंप्याकडून परकराला आतून एक खिसा शिवून घ्या, उजव्या बाजूला, तळहाताएवढा. परतीच्या भाड्याचे पैसे आणि घरची किल्ली त्यात. जुन्या बाया पैसे कनवटीला, म्हणजे लुगड्याच्या कमरेच्या खोचणीत, लावतात किंवा पदराच्या टोकाला गाठ मारतात. पण कनवट लावायला लुगडं लागतं आणि पदराची गाठ गर्दीत लोकांना दिसते.

ब्लाऊज सुती, बाह्या कोपरापर्यंत, पाठ फार खोल नको. यात शालीनतेचा उपदेश नाही, उन्हाचा हिशेब आहे. खोल पाठीवर दुपारी जी पट्टी भाजते ती पुढे आठवडाभर दिसते. ब्लाऊज घालून दोन्ही हात वर करून पाहा. एसटीत उभं राहून वरचा दांडा धरायचा आहे. कमरेपासून ब्लाऊज फार वर चढत असेल तर दुसरा घाला.

फॉल-पिको यात्रेच्या आठवडाभर आधी करून घ्या. फॉलची पट्टी आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायला द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात ती आखडते आणि साडीचा खालचा काठ गोळा होतो. बरेच दुकानदार सांगत नाहीत. साडीला जोडून आलेलं ब्लाऊजपीस कापून घ्या. ते तसंच ठेवलं तर जवळजवळ पाऊण मीटर कापड कमरेला विनाकारण गुंडाळलं जातं.

आणि नवखीला नेहमी पडणारा प्रश्न: साडीचं आतलं टोक कोणतं? फॉल असतो ते. फॉल आतल्या टोकाकडून सुरू होतो आणि पदराच्या बऱ्याच आधी संपतो. फॉलची बाजू पायाकडे आणि अंगाकडे ठेवली की साडी उलटी नेसली जाणं शक्य नाही.

नेसायला घ्या

पहिल्यांदा नेसत असाल तर अर्धा तास हातात ठेवा. चारची गाडी असेल तर आदल्या दिवशी दुपारी एकदा नेसून पाहा. पहाटे दिवे गेलेले, अंगणातून हाका येताहेत, अशात शिकणं होत नाही.

१. परकराची नाडी बेंबीच्या पातळीवर बांधा आणि गाठ बाजूला घ्या. गाठ पोटावर आली तर निऱ्यांखाली फुगवटा दिसतो. बांधा घट्ट, पण श्वास घेऊन पोट फुगवून पाहा. उपास असला तरी दिवसभरात पाणी, केळी, उसळ पोटात जाणारच आहे. गाठ सुरगाठ असावी, म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारी. नदीत भिजलेली सुताची साधी गाठ थंडीनं बधिर झालेल्या बोटांना सुटत नाही. मग तिथं कोणाच्या तरी दातांची गरज पडते.

२. चपला काढून उभ्या राहा. चपला घालून साडीची उंची ठरवा असं सगळीकडे सांगतात आणि लग्नासाठी ते बरोबरच आहे. यात्रेत मात्र देवळात, घाटावर, रेतीत अनवाणीच फिरायचं असतं. उंच टाचेवर ठरवलेली साडी चपला काढल्या की जमिनीवर लोळते. सपाट चपला घ्या आणि उंची अनवाणी ठरवा.

३. पाय वीतभर फाकवून उभ्या राहा. बेंबीच्या जरा उजवीकडे आतलं टोक खोचा आणि साडी पोटावरून डावीकडे, पाठीमागून उजवीकडे आणत एक पूर्ण फेरा घ्या. प्रत्येक तळहाताच्या अंतरावर वरचा काठ परकरात खोचत चला. पाय जोडून घेतलेला पहिला फेरा हे न चालता येण्याचं सगळ्यात मोठं कारण. आरशात तो सुरेख बसलेला दिसतो, पण एसटीच्या पायरीवर पाय टाकला की मांडीपाशी अडतो. खालचा काठ घोट्याच्या हाडाला टेकेल एवढा ठेवा. शहरातल्या नजरेला ही साडी आखूड वाटेल. वाटू द्या. सालबर्डीसारखा चढ असेल तर आणखी दोन बोटं वर घ्या. उंची कमी असलेल्यांनी साडी वरूनच जास्त आत खोचावी. खालून दुमडून टाका घातला तर काठ जातो.

४. आता आधी पदर. बरेचजणी आधी निऱ्या घालतात आणि शेवटी पदराला कापड पुरत नाही. तुम्ही उलटं करा. मोकळं टोक हातात घ्या, साडी पाठीमागून उजव्या बगलेखालून पुढे आणा आणि डाव्या खांद्यावर टाका. मागं पदर गुडघ्याच्या खाली यायला हवा. दर्शनाच्या वेळी डोक्यावर घ्यायचा आहे, कमरेला खोचायचा आहे आणि लेकरू झोपलं तर त्याच्या तोंडावर उन्हाचा आडोसाही करायचा आहे. आखूड पदर यातलं एकही काम करत नाही. खांद्यावर एक तात्पुरती पिन लावून ठेवा.

५. पोटासमोर जे कापड उरलं त्याच्या निऱ्या. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोटं ताणून जेवढी रुंदी होते तेवढी एक निरी. सुती साडीच्या पाच किंवा सहा होतात, उंच आणि बारीक बाईच्या सात. निऱ्यांची तोंडं डाव्या हाताकडे आली पाहिजेत. सगळ्या वरून सारख्या करा, खालून सारख्या करा, मग एकत्र धरून एकदा झटका. त्यानं आतल्या अडकलेल्या निऱ्या मोकळ्या होतात. बेंबीच्या किंचित डावीकडे सगळ्या एकदम आत खोचा.

माझ्या आत्यानं एका नवख्या सुनेला निऱ्या घालताना पाहिलं आणि उंबऱ्यातूनच विचारलं, "अवं बाप्पा, साडी नेसून राहिली का गठुडं बांधून राहिली?" मग स्वतः येऊन तिनं सगळ्या निऱ्या सोडल्या, पहिल्या निरीला उजव्या हाताच्या चिमटीत धरून म्हणाली, "ही धर. हिले सोडू नको. बाकीच्या हिच्या मांग येतेत." त्यात नेसण्याची निम्मी विद्या आली. पहिली निरी नीट सरळ खाली पडली तर पुढच्या तिच्या मागे आपोआप बसतात. पहिली तिरकी असली तर सातही तिरक्या.

६. पिना. निऱ्यांना एकच, वरून चार बोटं खाली, आतल्या बाजूनं, परकराला धरून. शेवटची एक निरी पिनेत घेऊ नका, मोकळी ठेवा. मोठं पाऊल टाकताना ती उघडते आणि साडी ताणली जात नाही. खांद्याची पिन ब्लाऊजच्या शिवणीवर, आतून लावा. तिथं कापड दुहेरी असतं. पिन लावण्याआधी तिच्यात एक छोटा मणी ओवून घ्या. मणी तिच्या वेटोळ्यापाशी बसतो आणि साडीचे धागे त्या वेटोळ्यात अडकत नाहीत. सुती साडीचा खांदा फाटतो तो बहुधा याच वेटोळ्यामुळे.

पदराच्या चुण्या घालून खालपर्यंत पिना मारत जाऊ नका. चुण्या बोटांनी करून फक्त खांद्याला पिन लावली की दर्शनाच्या वेळी मागचा पदर उघडून डोक्यावर घेता येतो. लेकरू कडेवर असेल तर पदर पुढे आणून उजव्या कमरेला खोचा. लेकरू डाव्या कडेवर बसतं, त्याच्या हाताला लोंबणारं काही मिळालं की ते ओढणारच.

७. आता परीक्षा, आणि ही टाळायची नाही. अंगणात जा. उकिडवं बसा आणि हाताचा आधार न घेता उठा. ओट्याच्या पायऱ्या चढा, उतरा, एक पायरी सोडून चढा. दोन्ही हात वर करा. वाकून खालून तांब्या उचला. विहिरीपर्यंत भरभर चालून या. बसताना गुडघ्यावर साडी ताणली गेली तर पहिला फेरा घट्ट आहे, सोडून परत घ्या. उठल्यावर निऱ्या पुढे लोंबल्या तर नाडी सैल आहे. चालताना पायात साडी येत असेल तर उंची जास्त आहे. यानंतर हवं तर आरशात पाहा.

अंगावरचं बाकी

यात्रेला सोनं घालू नका. गर्दीत गळ्याला हात घालणारे असतात, आणि त्यांना कोणतं डोरलं खरं हे तुमच्यापेक्षा आधी कळतं. काळ्या मण्यांची आखूड पोत, कानात छोटी फुलं, हातात काचेच्या बांगड्या एवढं साध्या काठाच्या साडीवर शोभतं. बांगड्या घट्ट बसणाऱ्या घ्या. सैल काच नारळ फोडताना फुटते. केसांचा अंबाडा किंवा घट्ट वेणी. मोगऱ्याचा भर अजून आलेला नसतो, तेव्हा शेवंती किंवा अबोली माळा. टिकली घामानं निघते. ओल्या कुंकवाचा छोटा ठिपका टिकतो, नाहीतर चार टिकल्या आरशाच्या डबीत चिकटवून सोबत ठेवा.

पिशवीत सहा पिना, सुईदोरा, एक जुना रुमाल, चपलांसाठी प्लॅस्टिकची पिशवी. देवळाबाहेर चपलांचा ढीग होतो आणि परत आल्यावर त्यात स्वतःच्या सापडतीलच असं नाही, म्हणून चपला सोबत.

नदीवर

आंघोळीला चांगली साडी नेसून जाऊ नका. घरून निघताना अंगावर जुनी, गडद रंगाची, पातळ सिंथेटिक साडी. ती भिजून जड होत नाही, अंगाला आरपार दिसत नाही आणि पिळली की पटकन वाळते. चांगली साडी घडी करून पिशवीत, तिच्याच आत परकर आणि ब्लाऊज, वरून टॉवेल. म्हणजे टॉवेल आधी हाताला लागतो.

काठावर आडोसा असेलच असं धरून चालू नका. आपल्या बायांची जुनी पद्धत उत्तम आहे: दोघी जणी एक साडी उभी धरून भिंत करतात, तिसरी आत बदलते. कोरडा परकर डोक्यातून घालून छातीपाशी नाडी बांधा, मग ओले कपडे खालून काढा, ब्लाऊज घाला आणि परकर कमरेवर आणा. पाय पुसा, टॉवेल रेतीवर अंथरून त्यावर उभ्या राहा आणि मग साडी. ओल्या पायाला चिकटलेली रेती निऱ्यांच्या आत गेली तर दिवसभर टोचते. केस ओले असतील तर पदर घेण्याआधी टॉवेल खांद्यावर टाका.

इथं जुन्या बायांकडे जरा पाहा. काष्टा घातलेल्या नऊवारी लुगड्यातल्या आज्या त्याच रेतीतून झपझप जातात, त्यांच्या हाताला साडी सावरायची नसतेच. सहावारीत तेवढी मोकळीक नाही, पण रेती लागली की डाव्या हातानं गुडघ्यापाशी सगळ्या निऱ्या एकत्र चिमटीत धरून दोन बोटं उचला. कमरेपाशी धरून ओढू नका, तिथं ओढलं की खोचलेलं सुटतं. काठच्या रेतीत गोखरू असतात आणि शेतातून गेलात तर कुसळं. ती साडीवरून ओढून काढू नका, धागा येतो. नखानं मुळापाशी धरून उलट्या बाजूनं सोडवा.

रांग, गाभारा, फराळ

रांगेत साडी ढिली होते ती मागून, आणि ती आपल्याला दिसत नाही. सोबतच्या बाईला अधूनमधून पाहायला सांगा. मागचा काठ लोंबला असेल तर डाव्या आणि उजव्या कुशीत बोट घालून कापड वर घ्या आणि आत सारा. निऱ्यांना हात लावू नका. निऱ्याच सुटल्या तर बाजूला व्हा, शाल पुढे धरा, निऱ्या खालपासून वर एकावर एक लावत आणा आणि परत खोचा. पूर्ण साडी सोडायची गरज पडत नाही.

गाभाऱ्यात पाणी, दूध, बेल, धोतऱ्याची फुलं, सगळं पायाखाली. जुने दगड गुळगुळीत झालेले. निऱ्या उचला, पावलं छोटी टाका, वाकताना पदराचं टोक हातात धरा. निरांजन आणि उदबत्त्या जमिनीलगत असतात. सिंथेटिक पदर क्षणात वितळून अंगाला चिकटतो, सुतीही पेटतोच, म्हणून लोंबता पदर घेऊन दिव्यापाशी जायचंच नाही.

एक गोष्ट कोणी लिहीत नाही, ती लिहिते. यात्रेत शौचाला जायची वेळ येते आणि नवख्या मुली साडी सुटेल या भीतीनं दिवसभर पाणी पीत नाहीत. असं करू नका, उन्हात भोवळ येते. आधी पदर कमरेभोवती घेऊन घट्ट खोचा. मग साडी आणि परकर एकत्र, मागून आणि दोन्ही बाजूंनी, वर गोळा करा आणि पुढं छातीपाशी धरा. निऱ्यांची पिन परकराला असेल तर काही सुटत नाही. परत खाली सोडल्यावर एकदा झटका द्या आणि मागचा काठ कोणाकडून तरी पाहून घ्या.

फराळाला साबुदाण्याची उसळ, भगर, रताळी. मांडी घालताना निऱ्या दोन्ही मांड्यांच्या मध्ये ओढून घ्या, नाहीतर त्यांच्यावर बसलं जातं आणि उठताना निघतात. मांडीवर जुना रुमाल पसरा. तेलाचा थेंब पडलाच तर पाण्यानं चोळू नका, पसरतो. पावडर किंवा कोरडं पीठ टाकून तसंच राहू द्या, घरी जाऊन झटका.

घरी आल्यावर

पिना सगळ्या काढा, मोजून काढा. साडी झटकून रात्रभर दोरीवर टाका, घाम वाळू द्या, मग धुवा. गुलाल कोरडाच झटकायचा, ओला केला की रंग चढतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. घाबरू नका, ती हळदीची रीतच आहे. भरपूर पाण्यात खंगाळा आणि फक्त तेवढा भाग उन्हात ठेवा. हळदीचा रंग ऊन खातं. बाकी साडी मात्र सावलीत वाळवा. पुढच्या वेळेसाठी तांदळाच्या पातळ पेजेत बुडवून काढली तर सुती साडीला पुरेसा ताठपणा येतो. पेज गाळून घ्या, नाहीतर शितं काठाला चिकटतात.

एखादी पिन निऱ्यांच्या आत राहिली आणि साडी तशीच भिजवली गेली तर गंजाचा तपकिरी डाग पडतो. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं तर तो फिका होतो, पूर्ण जात नाही.